वचन आणि वही : ख्रिस्ती पुस्तकं आणि व्यवसायाची पुस्तकं जोडीनं कशी वाचावीत

पैसा, मजुरी, वजनमापं, कर्ज, जामीनकी या सगळ्यांबद्दल पवित्र शास्त्र थेट आणि सडेतोड बोलतं. व्यवसायावरच्या चांगल्या पुस्तकांचे विषयही हेच असतात. तरीही दोन्ही प्रकारची पुस्तकं मनापासून वाचणाऱ्या माणसाची उधारी, पगाराची तारीख आणि कामाचे तास वर्षभरात जागचे हलत नाहीत, असं फार वेळा दिसतं. याचं कारण वाचन एकीकडे आणि हिशेब दुसरीकडे चाललेला असतो. बायबल रविवारी, व्यवसायाचं पुस्तक प्रवासात मोबाइलवर, आणि खतावणी अकाउंटंटच्या टेबलावर.

पुढे दिलेली पद्धत १२ आठवड्यांची आहे. एकट्याला जमते, गटालाही जमते. तिचा आग्रह एकच : वाचताना आपली हिशेबाची वही शेजारी उघडी असावी. जो धडा त्या वहीतली एकही नोंद बदलत नाही, तो अजून शिकून झालेला नाही, असं धरून चालावं.

हाताशी काय हवं

२०० पानी वही, पेन्सिल, मागच्या ३ महिन्यांचं बँक स्टेटमेंट, येणं आणि देणं यांच्या दोन याद्या. नोकरी करणाऱ्यानं पगारपत्रक, हप्त्यांची यादी आणि कामाचं कॅलेंडर घ्यावं. बायबलची दोन भाषांतरं ठेवा. मंडळीत (चर्चमध्ये) वाचलं जातं ते एक आणि सोप्या मराठीतलं दुसरं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ या दुसऱ्या कामाला चांगलं. व्यवसायाचं पुस्तक एका वेळी एकच. एकाच महिन्यात तीन पुस्तकं सुरू केली की तिन्हींतल्या सूचना एकमेकींत मिसळतात आणि कोणतीच पुरती करून पाहिली जात नाही.

पायरी १ : आधी प्रश्न, मग पुस्तक

पुस्तकाच्या दुकानात जाण्याआधी दोन्ही याद्या समोर घ्या आणि सगळ्यात जास्त कुठं टोचतं ते एका ओळीत लिहा. ‘मला देवाच्या इच्छेप्रमाणे धंदा करायचा आहे’ ही इच्छा झाली, प्रश्न नव्हे. ‘कामगारांचा पगार दर महिन्याला १० तारखेच्या पुढे का जातो?’, ‘मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहू का?’, ‘रविवारी दुकान बंद ठेवलं तर महिन्याचा गल्ला किती कमी होईल?’ असे प्रश्न हवेत. प्रश्नात एखादी रक्कम, तारीख किंवा माणूस असलाच पाहिजे.

प्रश्न ठरला की जोडी लावणं सोपं जातं. मजुरी आणि थकलेली देणी हा विषय असेल तर अनुवाद २४:१४–१५ (बायबलमधल्या पुस्तकाचं नाव, मग अध्याय आणि वचन), मत्तय २०:१–१६ आणि याकोब ५:१–६, आणि त्याच्या जोडीला खेळत्या भांडवलावरचं एखादं साधं पुस्तक. कर्ज आणि जामीनकी असेल तर नीतिसूत्रे ६:१–५, नीतिसूत्रे २२:७ आणि नहेम्याचा पाचवा अध्याय, सोबत ताळेबंद वाचायला शिकवणारं प्राथमिक पुस्तक. मोठं काम तडीस न्यायचं असेल तर नहेम्या १ ते ६. यरुशलेमेचा कोट ५२ दिवसांत उभा राहिला, पण त्याआधी राजाची परवानगीपत्रं, लाकडाची तजवीज, रात्री फिरून केलेली पाहणी आणि कोटाच्या कोणत्या भागावर कोण याची वाटणी झालेली आहे, हे फार कमी वाचक टिपून ठेवतात.

वेळेचा प्रश्न असेल तर निर्गम २०:८–११ आणि उपदेशक ३ यांच्यासोबत व्यवस्थापनाचे अभ्यासक पीटर ड्रकर यांचं १९६७चं ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’ घ्या. वेळ कुठं जातो हे आठवणीवर सोडू नका, तेव्हाच्या तेव्हा नोंद करा, अशी नोंद सलग तीन-चार आठवडे ठेवा आणि वर्षातून साधारण दोनदा ती पुन्हा करा, हा त्यातला सल्ला साठ वर्षांनंतरही जुना झालेला नाही. शब्बाथाची आज्ञा वाचणाऱ्यानं ही नोंद अवश्य ठेवावी. विश्रांतीच्या दिवशी आपण फोनवर किती ऑर्डरी घेतो, हे त्याशिवाय कळत नाही.

पायरी २ : पुस्तक विकत घेण्याआधीची वीस मिनिटं

श्रद्धा आणि यश यांची सांगड घालणारी पुस्तकं पुष्कळ निघतात आणि त्यांतली बरीचशी वचनाला वाकवतात. ती ओळखण्याची रीत अवघड नाही. पुस्तकातली कोणतीही तीन वचनं निवडा, बायबल उघडा आणि प्रत्येकाच्या आधीच्या दहा आणि नंतरच्या दहा ओळी वाचा. लेखकानं काढलेला अर्थ त्या वीस ओळींत टिकतो का पाहा. तीनपैकी दोन ठिकाणी टिकत नसेल तर पुस्तक परत ठेवा.

सर्वांत जास्त वापरली जाणारी तीन उदाहरणं बघू. यिर्मया २९:११, म्हणजे हिताच्या योजनांचं वचन, नव्या दुकानाच्या उद्घाटनपत्रिकेवर हमखास असतं. ते बाबेलमध्ये बंदिवासात नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे, आणि त्याआधी घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात आहात त्याचं हित पाहा, अशी आज्ञा आहे. म्हणजे लवकर सुटकेचं आश्वासन यात नाही. परक्या शहरात दीर्घकाळ नेकीनं काम करायची तयारी मात्र आहे, आणि उद्योजकाला ती जास्त उपयोगाची.

फिलिप्पैकरांस ४:१३, म्हणजे ‘मला सामर्थ्य देणाऱ्यामुळे मी सर्वकाही करू शकतो’ हे वचन, विक्रीचं लक्ष्य गाठण्यासाठी वापरतात. ते लिहिणारा प्रेषित पौल तुरुंगातून लिहितो आहे, आणि आधीच्या दोन वचनांत तृप्त असण्याची आणि उपाशी राहण्याची अशा दोन्ही स्थिती त्यानं मांडल्या आहेत.

तिसरं मलाखी ३:१०. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देवाला द्या, आकाशाची दारं उघडतील, एवढंच सांगून पुस्तक पुढे जातं. त्याच अध्यायाचं पाचवं वचन मजुराची मजुरी अडकवणाऱ्यांविरुद्ध, विधवा आणि पोरक्यांना छळणाऱ्यांविरुद्ध आहे. दशमांश वेळेवर आणि मजुरी उशिरा, हा हिशेब मलाखीच्या पुस्तकात बसत नाही. दहावं वचन सांगणारा लेखक पाचवं गाळत असेल, तर त्याच्या बाकीच्या सल्ल्याकडेही सावधपणे पाहा.

व्यवसायाच्या पुस्तकाची कसोटी वेगळी. लेखक फक्त यशस्वी कंपन्यांची उदाहरणं देतो का, हे आधी बघा. जिम कॉलिन्स यांच्या २००१च्या ‘गुड टू ग्रेट’मध्ये ११ कंपन्या आदर्श म्हणून निवडल्या होत्या. त्यांतल्या फॅनी मे या कंपनीचा ताबा सप्टेंबर २००८मध्ये अमेरिकी सरकारला घ्यावा लागला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्किट सिटीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. एवढ्यानं पुस्तक टाकाऊ ठरत नाही. पण यश मिळालेल्यांत जे गुण दिसले तेच गुण बुडालेल्यांतही होते का, हे पाहिल्याशिवाय त्या गुणांना कारण म्हणता येत नाही. मंडळीतल्या साक्षींना, म्हणजे देवानं आपलं कसं भलं केलं हे उभं राहून सांगण्यालाही, हाच नियम लावा. प्रार्थना करून, सचोटीनं राहून ज्यांचा धंदा बसला, त्यांना साक्ष द्यायला सहसा कोणी उभं करत नाही. नीतिमान असूनही सगळं गमावलेल्या ईयोबाचं पुस्तक त्यांच्यासाठी आहे, आणि नीतिसूत्रे वाचताना ते हाताशी असायलाच हवं.

पायरी ३ : दोन पुस्तकं, दोन वेग

व्यवसायाचं अडीचशे पानी पुस्तक आधी चाळायचं : अनुक्रमणिका, पहिलं प्रकरण, शेवटचं प्रकरण. मग आपल्या प्रश्नाला लागू पडणारी दोन-तीन प्रकरणं सावकाश, दिवसाला २० ते ३० पानं. बाकीचं पुस्तक वाचलंच पाहिजे असं नाही.

शास्त्राला ही रीत चालत नाही. एकच उतारा सलग सात दिवस वाचा. पहिले दोन दिवस नुसता वाचा, काही लिहू नका. तिसऱ्या दिवशी आधीचा आणि नंतरचा अध्याय जोडून वाचा. चौथ्या दिवशी लिहा : ऐकणारे कोण, बोलणारा कोण, पैसा कोणाच्या हातात आहे, राग कोणाला आला. पाचव्या आणि सहाव्या दिवशी दुसऱ्या भाषांतरातून वाचा आणि शंका लिहा. सातव्या दिवशी वही उघडा.

नीतिसूत्रांना मात्र वेगळी सवय लावता येते. ३१ अध्याय आहेत, म्हणून तारखेप्रमाणे रोज एक वाचणारे अनेक जण आहेत. चांगली सवय आहे, फक्त एक जपा : नीतिसूत्र हे अनुभवाचं सार आहे, करारनामा नव्हे. २६:४ आणि २६:५ ही लागोपाठची वचनं मूर्खाला उत्तर देऊ नको आणि दे, असं दोन्ही सांगतात. कोणतं कधी लागू करायचं याचा विवेक वाचणाऱ्याकडून अपेक्षित आहे. ‘मेहनती माणसाच्या हाती संपत्ती येते’ हे वाचून गरीब शेजाऱ्याला आळशी ठरवणं हा या पुस्तकाचा सर्वांत जास्त होणारा गैरवापर आहे.

एक उतारा नीट उलगडून : द्राक्षमळ्यातले मजूर

मत्तय २०:१–१६ हा येशूनं सांगितलेला दाखला, म्हणजे बोधकथा, आहे : दिवसभर राबलेल्यांना आणि शेवटच्या तासाला आलेल्यांना मालक सारखीच मजुरी देतो. हा उतारा मालक आणि कामगार दोघंही वाचतात आणि दोघंही त्यातून चटकन चुकीचा धडा काढतात. मालक म्हणतो, ‘माझा पैसा, मी हवा तसा देईन.’ कामगार म्हणतो, ‘बघा, तासांवर पगार नसावा.’

सात दिवसांची रीत लावली की काय दिसतं? आदल्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र यानं विचारलं आहे की आम्ही सगळं सोडून आलो, आम्हाला काय मिळणार? दाखला त्या प्रश्नाचं उत्तर आहे. ‘शेवटले ते पहिले’ हे वाक्य १९:३० मध्ये आणि पुन्हा २०:१६ मध्ये येतं, म्हणजे दाखला या दोन वाक्यांच्या मध्ये बसवलेला आहे. विषय देवाच्या राज्यातली कृपा हा आहे. वेतनश्रेणी ठरवण्यासाठी तो सांगितलेला नाही, आणि हे वहीत पहिल्या ओळीत लिहून टाकावं.

पण दाखल्यातला मालक ऐकणाऱ्यांना ओळखीचा वाटावा असा आहे, आणि त्याच्या वागण्यात टिपण्यासारख्या गोष्टी आहेत. तो पहाटे आणि नंतर चार वेळा, म्हणजे एकूण पाचदा स्वतः नाक्यावर जातो. पहिल्यांशी मजुरी आधी ठरवतो, एक दीनार. ती त्या काळची एका दिवसाची रीतसर मजुरी. संध्याकाळ होताच कारभाऱ्याला सांगून पैसे चुकते करतो. हे संध्याकाळचं देणं मालकाची मेहरबानी नव्हती, तर अनुवाद २४:१५ची आज्ञा होती : सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला आहे. ठरलेल्यापेक्षा कमी कोणालाच मिळालेलं नाही. उदारपणा ठरलेली मजुरी पूर्ण दिल्यानंतर सुरू होतो.

एवढं लिहून झालं की मगच आपल्या कारखान्याकडे वळा. पगाराचा आकडा आधी ठरलेला आणि लेखी आहे का? ठरलेल्या दिवशी हातात पडतो का? ओव्हरटाइम कोण लिहितं, आणि कामगाराला तो पाहता येतो का? हे तिन्ही ठीक असतील तर मग बोनसबद्दल उदारपणे बोलता येईल.

हीच काळजी मत्तय २५ मधल्या तालांतांच्या दाखल्याला घ्या. त्यात धनी प्रवासाला जाताना आपली रक्कम चाकरांकडे सोपवतो आणि परतल्यावर हिशेब मागतो. एक तालांत म्हणजे सुमारे ६००० दीनार, मजुराची जवळजवळ वीस वर्षांची कमाई. छोट्या बचतीचा हा दाखला नाही, प्रचंड विश्वासाचा आहे. आणि तो वाचून ३० व्या वचनावर थांबू नका. पुढच्याच ओळीपासून भुकेले, तान्हेले, तुरुंगातले यांच्याबद्दलचा न्याय सुरू होतो.

कलस्सैकरांस ३:२३, जे काही करता ते जिवेभावे करा, हे वचन कार्यालयाच्या भिंतीवर लावायला मालकांना आवडतं. ते गुलामांना उद्देशून लिहिलेल्या परिच्छेदात आहे, आणि तो परिच्छेद ४:१ला संपतो. तिथं धन्यांना न्यायानं आणि समतेनं वागायला सांगितलं आहे, कारण त्यांनाही स्वर्गात धनी आहे. भिंतीवर लावायचं तर दोन्ही लावा.

पायरी ४ : वहीचं पान आणि एक कृती

प्रत्येक धड्याला एक पान. त्यावर क्रमानं : तारीख, उतारा किंवा पान क्रमांक, लेखकाचा दावा आपल्या शब्दांत एका ओळीत, त्याला दिलेला पुरावा, आपल्या वहीतला आजचा आकडा, एक कृती, आणि तपासणीची तारीख. सातपैकी आकड्याची जागा रिकामी राहिली तर पान अपूर्ण समजा.

उदाहरण म्हणून एक छोटं फॅब्रिकेशन वर्कशॉप घेऊ. महिन्याची विक्री ४,००,००० रुपये, येणं ६,००,०००. म्हणजे ४५ दिवसांची विक्री गिऱ्हाइकांकडे अडकली आहे. महिन्याची खरेदी २,४०,०००, देणं ४,८०,०००. म्हणजे पुरवठादारांना आपण ६० दिवस थांबवतो. गिऱ्हाइकाकडून ४५ दिवसांत मिळतं आणि पुरवठादाराला ६० दिवसांनी देतो. मधले १५ दिवस दुसऱ्याच्या पैशावर धंदा चालला आहे. व्यवसायाची कित्येक पुस्तकं याला हुशारी म्हणतील. शेजाऱ्याला ‘उद्या ये’ म्हणू नको, जवळ असताना दे, असं सांगणारं नीतिसूत्रे ३:२७–२८ तसं म्हणत नाही. आपला कायदाही म्हणत नाही : २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं.

आता कृती. देणं ६० वरून ४५ दिवसांवर आणायचं तर १,२०,००० रुपये जास्तीचे द्यावे लागतील. ते आणायचे कुठून? वसुली ४५ वरून ३६ दिवसांवर आली की तेवढेच १,२०,००० सुटतात. म्हणून येण्याची यादी ३० दिवसांपर्यंत, ३१–६०, ६१–९० आणि त्यापुढची अशी चार भागांत लावा, ६० दिवसांपुढच्या प्रत्येकाला या आठवड्यात स्वतः फोन करा, आणि सुटणारे पैसे तीन महिने दरमहा ४०,००० या हिशेबानं सर्वांत छोट्या पुरवठादारापासून द्यायला लागा. पगार महिन्याला ८८,००० असेल तर दर शनिवारी २२,००० वेगळ्या खात्यात टाका. ७ तारखेला धावपळ उरत नाही.

इथं एक चूक नेहमी होते. धडा मनाला भिडला की पाच कृती एकदम ठरवल्या जातात आणि तिसऱ्या आठवड्यात सगळ्या सुटतात. १२ आठवड्यांत एक कृती. दुसरी सुचली तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

पायरी ५ : तपासणी

प्रत्येक कृतीपुढे आज अपेक्षित निकाल लिहा आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्ष निकालाशी ताडून पाहा. ही रीत ड्रकर यांनी १९९९मध्ये स्वतःच्या व्यवस्थापनावरच्या लेखात सविस्तर सांगितली आणि जॉन कॅल्व्हिन व इग्नाती लोयोला या दोघांनी ती आपापल्या अनुयायांना लावली होती, असंही तिथंच नमूद केलं. एक प्रोटेस्टंट, एक कॅथोलिक. दोघांच्या परंपरेतल्या वाचकाला ही तपासणी परकी वाटू नये. इग्नातीच्या रीतीतलं रोजचं आत्मपरीक्षण रात्री पाच मिनिटांत होतं : आज कोणाला काय देणं होतं, ते दिलं का, आणि कोणाशी बोलताना खरं टाळलं.

मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांचं पैशाच्या वापरावरचं १७६०चं प्रवचन तपासणीच्या आठवड्यात वाचण्याजोगं आहे. जमेल तितकं मिळवा, जमेल तितकं वाचवा, जमेल तितकं द्या, ही तीन सूत्रं लोकांना पाठ असतात. पहिल्या सूत्राला त्यांनी घातलेल्या अटी मात्र पुस्तकांत क्वचितच उद्धृत होतात : स्वतःची तब्येत आणि मन बिघडवून नाही, बाजारभावाखाली विकून शेजाऱ्याचा धंदा बुडवून नाही, त्याचे नोकर फोडून नाही, दारू विकून नाही. स्पर्धेवरचं कोणतंही आधुनिक प्रकरण या चार अटींशेजारी ठेवून वाचा. कोणता सल्ला घ्यायचा आणि कोणता सोडायचा ते बरंच स्पष्ट होतं.

गटात वाचायचं असेल तर

चार ते आठ जण, पंधरवड्यातून एकदा, सव्वा तास. दहा मिनिटं उतारा मोठ्यानं वाचन, पंचवीस मिनिटं उताऱ्यावर, तीस मिनिटं वह्यांवर, दहा मिनिटं प्रार्थना. घड्याळ एकाकडे द्या, नाहीतर उताऱ्यावरच सगळा वेळ जातो. वहीबद्दल बोलणं सगळ्यांनाच जड जातं. पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) बोलवा, पण दर वेळी त्यांनीच उत्तर द्यायचं अशी बैठक करू नका. त्यांचं मार्गदर्शन उताऱ्यासाठी, हिशेबासाठी एखादा जाणता अकाउंटंट.

मालक आणि त्याचा नोकर, किंवा कर्ज दिलेला आणि घेतलेला, यांना एका गटात बसवू नका. दोघंही खरा आकडा सांगणार नाहीत. गटात ऐकलेले आकडे बाहेर जाणार नाहीत, हे पहिल्या दिवशी सर्वांनी कबूल करावं.

आणि एक नियम लेखी ठेवा : गटात कोणी कोणाला गुंतवणूक, भिशी, विमा किंवा साखळी विक्रीची योजना सुचवणार नाही, गटातल्या माणसाकडून उसने घेणार नाही आणि जामीनही मागणार नाही. एकत्र प्रार्थना केलेल्या माणसाला नाही म्हणणं कठीण जातं, आणि फसव्या योजना नेमक्या याच विश्वासावर पसरतात. असा प्रस्ताव आलाच तर नीतिसूत्रे ६:१–५ त्या बैठकीत पूर्ण वाचा आणि प्रस्ताव मांडणाऱ्याला योजनेची कागदपत्रं गटाबाहेरच्या चार्टर्ड अकाउंटंटला दाखवायला सांगा.